बँकेकडे पैसे असतात, पण आज संध्याकाळपर्यंत असतात का?

मार्च २०२३ मध्ये अमेरिकेतली सिलिकॉन व्हॅली बँक, म्हणजे एसव्हीबी, बुडाली ते आठवत असेल. तेव्हा आपल्याकडे व्हॉट्सॲपवर अशा काही अफवा फिरायला लागल्या की मुंबईच्या एसव्हीसी बँकेला, म्हणजे आपल्या जुन्या शामराव विठ्ठल सहकारी बँकेला, जाहीर खुलासा करावा लागला की बाबांनो, आमचा त्या अमेरिकेतल्या एसव्हीबीशी काडीचाही संबंध नाही. १९०६ पासून चालत आलेली बँक, आणि नावातली दोन अक्षरं सारखी म्हणून ही वेळ. मला ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी अजिबात वाटत नाही, कारण बँकेच्या धंद्यातला जो सगळ्यात वेगवान धोका आहे, लिक्विडिटी रिस्क, म्हणजे ऐनवेळी द्यायला रोख नसण्याचा धोका, तो असाच पसरतो. बँक चांगली की वाईट हे तपासायला लोक थांबत नाहीत, आपले पैसे आधी काढून घेऊ मग बघू असा विचार करतात, आणि एकेकट्याच्या दृष्टीने बघितलं तर तो विचार चुकीचा पण नसतो.

तर आज ते लिक्विडिटीचं प्रकरण जरा नीट समजून घेऊ. बाजारात घबराट असते तेव्हा बँका आतमध्ये नक्की काय करतात, कुठून पैसे उभे करतात, रिझर्व्ह बँक काय करते.

आधी एसव्हीबीचंच घेऊ कारण त्यात सगळं एका जागी दिसतं. स्टार्टअपवाल्यांची बँक होती ती. २०१९ च्या शेवटी तिच्याकडे साधारण ६० अब्ज डॉलरच्या ठेवी होत्या, मग कोविडच्या काळात अमेरिकेत व्याजदर शून्याजवळ आले, स्टार्टअपना पैसाच पैसा मिळत गेला आणि २०२१ च्या शेवटी ठेवी १८९ अब्जांवर गेल्या. एवढा पैसा कर्जाऊ द्यायला तेवढे कर्जदार तर पाहिजेत, ते नव्हते, म्हणून बँकेने तो लांब मुदतीच्या सरकारी आणि घरकर्जांवर आधारलेल्या रोख्यांत टाकला. यात पैसे बुडतील असं काही नव्हतं, मुदत संपेपर्यंत थांबलं तर पूर्ण रक्कम परत मिळणारच होती. पण २०२२ मध्ये फेडने, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, दर झपाट्याने वाढवले, शून्यावरून वर्षभरात साडेचार टक्क्यांच्या वर. आता दीड टक्का व्याज देणारा जुना रोखा पूर्ण किमतीला कोण घेणार जेव्हा नवा रोखा त्याच्या दुप्पट-तिप्पट देतोय? जुन्या रोख्यांचे भाव पडले. २०२२ अखेरीस मुदतीपर्यंत ठेवणार म्हणून बाजूला काढलेल्या रोख्यांवरच बँकेला कागदावर साधारण १५ अब्ज डॉलरचा तोटा दिसत होता, आणि बँकेचं स्वतःचं भांडवल जवळपास तेवढंच होतं. विकायची वेळ आली नाही तर हा तोटा हिशोबात धरावा लागत नाही असा नियम, त्यामुळे सगळं मुदत संपेपर्यंत थांबायला मिळेल की नाही यावर येऊन ठेपलं होतं.

तिकडे स्टार्टअपना नवीन फंडिंग मिळेना झालं, ते खर्चासाठी ठेवी काढत गेले. ८ मार्चला बँकेने सांगितलं की आम्ही २१ अब्जांचे रोखे विकले, त्यात १.८ अब्ज तोटा झाला, आता आम्ही सव्वादोन अब्ज भांडवल उभं करणार आहोत. हे लोकांना धीर द्यायला सांगितलं, झालं उलटं. तिच्या ९० टक्क्यांहून जास्त ठेवी विम्याच्या अडीच लाख डॉलरच्या मर्यादेबाहेरच्या होत्या, आणि ठेवीदार सगळे एकमेकांना ओळखणारे, त्याच ग्रुपमध्ये असणारे, त्याच गुंतवणूकदारांचा सल्ला ऐकणारे. ९ मार्चच्या एका दिवसात ४२ अब्ज डॉलर गेले. दुसऱ्या दिवशीसाठी आणखी १०० अब्जांच्या आसपास मागण्या तयार होत्या. तुलनेसाठी सांगतो, २००८ मध्ये वॉशिंग्टन म्युच्युअल बुडाली तेव्हा दहाएक दिवसांत १६.७ अब्ज गेले होते आणि तेव्हा तेच भयंकर वाटलं होतं. ९ तारखेला दिवस संपला तेव्हा एसव्हीबीची रोख शिल्लक उणे ९५ कोटी ८० लाख डॉलर होती, १० तारखेला सकाळी नियामकांनी टाळं लावलं.

मला यातली सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट मात्र बातम्यांत फारशी आली नाही. बँकेकडे रोखे होते. ते फेडकडे तारण ठेवून कर्ज घेता येतं, त्यासाठीच फेडची उधारीची खिडकी असते. पण त्या खिडकीकडे आधीपासून फारच थोडं तारण नेऊन ठेवलेलं, २०२२ मध्ये तिथून पैसे उचलून बघायची साधी चाचणीसुद्धा बँकेने केलेली नव्हती, आणि ऐन गुरुवारी संध्याकाळी एका ठिकाणचं तारण दुसऱ्या ठिकाणी हलवायला जे तास लागतात ते हातात उरले नव्हते. वर आणखी, २०२२ मध्ये जवळजवळ आठ महिने बँकेला मुख्य जोखीम अधिकारीच नव्हता, आणि स्वतःच घेतलेल्या लिक्विडिटीच्या चाचण्यांत नापास झाल्यावर काही ठिकाणी त्यांनी चाचणीची गृहीतकंच सैल केली. फेडच्या एप्रिल २०२३ च्या अहवालात हे सगळं लिहिलेलं आहे. म्हणून मी म्हणतो की लिक्विडिटी हा वेळेचा विषय आहे, आणि तो वेळ आधीच, शांत दिवसांत, विकत घेऊन ठेवावा लागतो.

बुडीत जाणं आणि रोख नसणं यातला फरक एका उदाहरणाने सांगतो. शेतकऱ्याचा पाच एकर ऊस उभा आहे, कारखान्याला गेला की लाखो रुपये येणार, माणूस गरीब नाही. पण आज रात्री घरातल्या कुणाला दवाखान्यात भरती करायचंय आणि काउंटरवर पन्नास हजार आत्ता भरायचेत. तर तो काय करेल, सोसायटीकडे जाईल, पाहुण्यांकडे मागेल, दागिने गहाण टाकेल, आणि काहीच नाही जमलं तर उभा ऊस गुऱ्हाळवाल्याला मिळेल त्या भावात देऊन टाकेल. शेवटच्या पायरीवर गेला की तो खरोखर तोट्यात जातो. बँकेचंही नेमकं असंच होतं, रोख नसल्यामुळे घाईत विकायला लागलं की आधी जी चांगली बँक होती ती विकता विकता बुडीत होते, म्हणून या दोन गोष्टी वेगळ्या असल्या तरी एकीतून दुसरी फार पटकन जन्माला येते.

आणि हा धोका टाळायचाच म्हटलं तर बँक बंद करावी लागेल. कारण आपण सेव्हिंगमध्ये टाकलेले पैसे कधीही मागू शकतो, आणि बँक त्याच पैशातून कुणाला तरी वीस वर्षांचं घरकर्ज देते. ही मुदतीची तफावत हाच तर तिचा धंदा आहे. तो चालतो कशावर, तर सगळे एकाच दिवशी मागायला येत नाहीत या अनुभवावर. बँका वर्षानुवर्षांच्या आकड्यांवरून अंदाज बांधतात की सेव्हिंगमधला एवढा हिस्सा चिकटून राहणारा आहे, एवढा हलता आहे, एफडी मुदतीला किती लोक रिन्यू करतात, मुदतीआधी किती मोडतात. मग पुढच्या दिवशी किती जाणार किती येणार, दोन ते सात दिवसांत किती, आठ ते चौदा दिवसांत किती असे कप्पे पाडतात, आणि आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने त्या कप्प्यांवर मर्यादा घातलेली आहे, उदाहरणार्थ उद्याच्या दिवसाची तूट त्या दिवशी जाणाऱ्या एकूण रकमेच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त नको, सात दिवसांपर्यंतची १० टक्क्यांपेक्षा जास्त नको. हे सगळं बघणारी बँकेतली एक वरिष्ठांची कमिटी असते, तिला आल्को म्हणतात, ठेवींचे दर किती ठेवायचे, कर्जवाटप कुठे आवरायचं हे तिथं ठरतं.

रोजचं काम मात्र ट्रेझरीत, म्हणजे बँकेच्या रोजच्या पैशांची सोय बघणाऱ्या विभागात, होतं. मुंबईतल्या कुठल्याही मोठ्या बँकेच्या ट्रेझरीत सकाळी पहिला प्रश्न असतो की रिझर्व्ह बँकेतल्या आपल्या खात्यात आज किती आहे आणि दिवसभरात काय काय येणार-जाणार आहे. ठेवींचा ठराविक टक्का रोख स्वरूपात रिझर्व्ह बँकेकडे ठेवावाच लागतो, तो सीआरआर, २०२५ च्या अखेरीस टप्प्याटप्प्याने ३ टक्क्यांवर आणलेला. तो पंधरवड्याच्या सरासरीने पाळायचा असतो पण कुठल्याही एका दिवशी गरजेच्या ९० टक्क्यांखाली जायचं नाही. शिवाय १८ टक्के मुख्यतः सरकारी रोख्यांत, तो एसएलआर. कमी पडले तर बाजारातून एका रात्रीसाठी उचलायचे, बिनतारणी घेतले तर कॉल मनी, रोखे ठेवून घेतले तर ट्रेप्स. ट्रेप्सचे व्यवहार चालवते क्लिअरिंग कॉर्पोरेशन, दादरला ऑफिस आहे त्यांचं, आणि ती मध्ये उभी राहते म्हणून समोरची बँक कोण आहे याची चिंता कुणाला करावी लागत नाही. घबराटीच्या दिवसांत या एका व्यवस्थेची किंमत कळते, कारण तेव्हा कॉल मनीत नाव बघून लोक पैसे द्यायचे थांबतात, तारणावर मात्र देत राहतात.

काही ताण तर तारखेने माहीत असतात. १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च, ॲडव्हान्स टॅक्स. दर महिन्याच्या २० तारखेला जीएसटी. कंपन्यांच्या खात्यातून पैसा निघतो आणि सरकारच्या रिझर्व्ह बँकेतल्या खात्यात जातो, म्हणजे एका बँकेतून दुसरीत न जाता बँकांच्या सगळ्या व्यवस्थेतूनच बाहेर पडतो, आणि सरकार खर्च करेपर्यंत परत येत नाही. चांगली ट्रेझरी आठवडाभर आधीच तयारी करून बसलेली असते.

आता जो ताण तारखेने कळत नाही त्याचं काय? २००८ नंतर जगभरच्या नियामकांनी बसून त्यासाठी एक माप ठरवलं, एलसीआर, लिक्विडिटी कव्हरेज रेशो. आपल्याकडे १ जानेवारी २०१९ पासून व्यापारी बँकांना ते पूर्ण १०० टक्के लागू आहे. कल्पना अशी की तुमच्यावर ३० दिवसांचं मोठं संकट आलंय असं समजा, त्यात किती पैसे निघून जातील ते काढा, आणि तेवढ्याला पुरेल इतकी रोख किंवा पटकन रोख होणारी मालमत्ता आजच जवळ ठेवा. आता कुणाच्या किती ठेवी जातील? विम्याखालच्या, जुन्या संबंधातल्या घरगुती ठेवी ५ टक्के जातील असं धरतात, बाकीच्या घरगुती १० टक्के, साध्या कंपन्यांच्या बिनविम्याच्या ठेवी ४० टक्के, आणि दुसऱ्या वित्तीय संस्थांचे पैसे मुदत संपली की १०० टक्के गेलेच असं समजायचं. या आकड्यांमध्ये फार मोठा अनुभव दडलाय. पगारदार माणूस त्याच्या बँकेत पडून राहतो, कंपनीचा फायनान्सवाला अर्ध्या टक्क्यासाठी आणि जराशा अफवेवर हलतो, आणि दुसरी बँक तर पहिल्या तासात पळते. म्हणून हजार कोटींची ठेव हजारो-लाखो लोकांकडून आली की दहा कंपन्यांकडून आली याने बँकेचा धोका पूर्ण बदलतो. ताळेबंदात दोन्ही आकडे सारखेच दिसतात हे लक्षात घ्या.

एसव्हीबीला हे एलसीआर लागूच नव्हतं, अमेरिकेत २०१८ च्या कायद्याने आणि त्यानंतरच्या नियमांनी त्या आकाराच्या बँकांना त्यातून सूट मिळालेली होती. पण एलसीआर असलं की बँक वाचतेच असंही समजू नका. स्वित्झर्लंडच्या क्रेडिट स्विस बँकेचं एलसीआर २०२२ च्या शेवटी १४० टक्क्यांच्या वर होतं, तरी १९ मार्च २०२३ ला, रविवारी, तिला यूबीएसमध्ये विलीन करावं लागलं. एलसीआर ३० दिवसांच्या मापाने बनवलंय आणि विश्वास उडाला की पैसे ३० दिवस वाट बघत नाहीत.

घबराट सुरू झाल्यावर बँक काय करते त्याला साधारण एक क्रम असतो, आणि प्रत्येक बँकेकडे संकटकालीन निधीची लेखी योजना असते, कुणी कुणाला फोन करायचा इथपर्यंत. पहिल्यांदा नवीन मोठी कर्जं थांबतात, मंजूर झालेली सुद्धा जरा रेंगाळतात. मग जास्तीचे सरकारी रोखे रेपोवर, म्हणजे थोड्या दिवसांनी परत घ्यायच्या बोलीवर, ठेवून पैसे उभे करतात. मग सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट (सीडी), म्हणजे बाजारात विकता येणाऱ्या ठेवींच्या पावत्या, काढायचे, मोठ्या ठेवींना दर वाढवून द्यायचे, पण इथे गोम आहे, एखादी बँक अचानक बाजारापेक्षा पाऊण-एक टक्का जास्त द्यायला लागली की जाणकार लोक तिच्यापासून लांब जातात, म्हणजे पैसे मागितल्यानेच पैसे आटतात. मग कर्जांचे गठ्ठे दुसऱ्या बँकांना विकायचे. आणि रिझर्व्ह बँकेची एमएसएफ खिडकी असते, रेपो दरापेक्षा, म्हणजे ती बँकांना एरवी ज्या दराने उधार देते त्यापेक्षा, पाव टक्का जास्त दराने एका रात्रीसाठी, तिथं एसएलआरमधले रोखे सुद्धा ठराविक मर्यादेपर्यंत ठेवता येतात. ती शनिवार-रविवारी सुद्धा परत फिरवता यावी अशी सोय डिसेंबर २०२३ पासून झाली, ती आवश्यकच होती, कारण यूपीआय, एनईएफटी, आरटीजीएस सगळं चोवीस तास चालतं आणि ठेवी रविवारी रात्री अकराला पण जाऊ शकतात.

आपल्याकडचं सगळ्यात शिकवणारं उदाहरण माझ्या मते ऑक्टोबर २००८ चं आहे. अमेरिकेतली लेहमन ब्रदर्स ही गुंतवणूक बँक १५ सप्टेंबरला बुडाली. भारतीय बँकांकडे बिघडलेल्या घरकर्जांवरचे ते विषारी अमेरिकी रोखे फारसे नव्हतेच, मग आपल्याकडे रोखीची टंचाई का झाली? कारण ज्या भारतीय कंपन्या परदेशातून उधार घेत होत्या त्यांचा तो रस्ता एका रात्रीत बंद झाला, त्या इथल्या बँकांकडे वळल्या आणि म्युच्युअल फंडांच्या लिक्विड स्कीममधले आपले पैसे काढायला लागल्या. फंडांनी ते पैसे बँकांच्या सीडीमध्ये आणि एनबीएफसींच्या, म्हणजे बँक नसलेल्या कर्ज देणाऱ्या कंपन्यांच्या, कर्जरोख्यांत लावलेले, ते विकायला गेले तर घेणारा नाही. त्याच वेळी विदेशी गुंतवणूकदार डॉलर घेऊन निघालेले, रुपया सावरायला रिझर्व्ह बँक डॉलर विकत होती, आणि डॉलर विकले की बदल्यात रुपये बाजारातून रिझर्व्ह बँकेकडे जातात. वर सप्टेंबरचा ॲडव्हान्स टॅक्स होताच. चार नळ एकदम उघडले. १० ऑक्टोबरच्या सुमारास कॉल मनीचा दर वीस टक्क्यांच्या आसपास गेला, एका रात्रीच्या उधारीला!

त्यात आयसीआयसीआय बँकेबद्दल अफवा, कारण तिच्या ब्रिटनमधल्या उपकंपनीकडे लेहमनचे थोडेफार रोखे होते. एटीएमसमोर रांगा लागल्या. ३० सप्टेंबरला रिझर्व्ह बँकेने पत्रक काढून सांगितलं की बँकेकडे पुरेशी रोख आहे आणि लागेल तेवढी रोख द्यायची व्यवस्था आम्ही केलेली आहे. गव्हर्नर सुब्बाराव यांना येऊन महिनाही झाला नव्हता. त्या पत्रकानंतर आणि लोकांना खरोखर नोटा मिळत राहिल्यावर हळूहळू रांगा विरल्या. इथे नोटा मिळत राहिल्या हे पत्रकाइतकंच महत्त्वाचं, एटीएम एक दिवस जरी कोरडं पडलं असतं तरी कागदाचा उपयोग झाला नसता. मग ऑक्टोबर ते जानेवारी या काळात सीआरआर ९ टक्क्यांवरून ५ वर आला, रेपो दर ९ वरून एप्रिल २००९ पर्यंत पावणेपाचवर, म्युच्युअल फंडांसाठी बँकांमार्फत खास खिडकी उघडली. सगळं मिळून साडेपाच लाख कोटींहून जास्त रोख उपलब्ध होईल अशी सोय झाली. बँका वाचल्या त्या स्वतःच्या हुशारीने पण, आणि सीआरआर-एसएलआरचा जो एवढा मोठा साठा बाजूला ठेवायला लावला म्हणून त्या आधी कुरकुर करायच्या, तोच मोकळा करता आला म्हणून पण.

येस बँकेचं वेगळं. तिथं आधी कर्जं बिघडली, मग भांडवल उभं राहीना, आणि ठेवी महिनोन्‌महिने पाझरत राहिल्या. सप्टेंबर २०१९ अखेर २ लाख ९ हजार कोटींच्या ठेवी होत्या, ५ मार्च २०२० ला संध्याकाळी निर्बंध आले तोवर १ लाख ३७ हजार कोटींवर आलेल्या. म्हणजे सामान्य माणूस रांगेत उभा राहिला तेव्हा मोठे ठेवीदार केव्हाच निघून गेलेले होते, आणि याचा मला खरंच राग येतो, कारण माहिती आधी मिळते तो वाचतो. एका ठेवीदाराला महिनाभरात काढता येणार होते फक्त ५० हजार. फोनपेचे यूपीआय व्यवहार येस बँकेवरून चालायचे, ते त्याच रात्री अडकले. पिंपरी-चिंचवड महापालिकेचे शेकडो कोटी तिथं होते. पुढे स्टेट बँक आणि इतर बँकांनी भांडवल घातलं, रिझर्व्ह बँकेने ५० हजार कोटींची खास उधारी दिली, १८ मार्चला निर्बंध उठले आणि ती उधारी बँकेने सप्टेंबरपर्यंत फेडली. पण बघा, लिक्विडिटीची मदत काम करायला आधी भांडवलाचं भोक बुजवावं लागलं. नुसती रोख ओतली असती तर ती पण पाझरून गेली असती. शिवाय त्या मार्चमध्ये राज्य सरकारं आपले पैसे खासगी बँकांतून काढायचा विचार करायला लागली, काही मध्यम खासगी बँकांच्या ठेवी त्यांचा काही दोष नसताना घसरल्या, आणि रिझर्व्ह बँकेला राज्यांना समजवावं लागलं.

त्याच महिन्यात कोविड. २७ मार्च २०२० ला रिझर्व्ह बँकेने सीआरआर ४ वरून ३ केला, एमएसएफची मर्यादा २ वरून ३ टक्के केली, बँकांनी कंपन्यांचे रोखे घ्यावेत म्हणून एक लाख कोटींची तीन वर्षांची स्वस्त उधारी जाहीर केली, मिळून ३ लाख ७४ हजार कोटी. एप्रिलमध्ये एलसीआर सुद्धा तात्पुरतं १०० वरून ८० टक्के केलं, म्हणजे साठा वापरा, अशाच दिवसासाठी तो होता. पण झालं काय, बँकांनी ते पैसे पुन्हा रिझर्व्ह बँकेकडेच नेऊन ठेवले. १५ एप्रिलला असे ६ लाख ९० हजार कोटी पडून होते. २३ एप्रिलला एनबीएफसींसाठी म्हणून २५ हजार कोटी देऊ केले तर बँकांनी मागितले फक्त १२,८५० कोटी, आणि योगायोग असा की त्याच दिवशी फ्रँकलिन टेम्पलटन या म्युच्युअल फंडाने आपल्या सहा कर्जरोखे योजना बंद केल्या कारण त्यांच्या रोख्यांना गिऱ्हाईक नव्हतं.

हे मला या विषयातलं सगळ्यात कठीण कोडं वाटतं. व्यवस्थेत पैसा भरपूर होता आणि ज्याला हवा त्याला मिळत नव्हता. प्रत्येक बँक आपापल्या जागी शहाणपणानेच वागत होती, पुढे काय वाढून ठेवलंय माहीत नाही तर रोख धरून ठेवा, पण सगळ्यांनी धरून ठेवली की बाजार कोरडा पडतो आणि ज्या भीतीने धरली ती भीती खरी व्हायला लागते. एका बँकेची काळजी दुसऱ्या संस्थेचं संकट होते. म्हणून शेवटी असा कुणीतरी लागतोच ज्याला स्वतःची रोख संपायची भीती नाही, आणि देशाच्या चलनात तो एकच, मध्यवर्ती बँक. चार दिवसांनी, २७ एप्रिलला, फंडांसाठी ५० हजार कोटींची खिडकी उघडली, उचल फार थोडी झाली, तरी खिडकी उघडी आहे एवढ्यानेच पैसे काढायची घाई कमी झाली.

एसव्हीबीचा धडा आपल्याकडे नियमात आलाय. इंटरनेट किंवा मोबाइल बँकिंग असलेल्या घरगुती आणि छोट्या व्यवसायांच्या ठेवी आता थोड्या जास्त वेगाने जातील असं धरायचं, अडीच टक्के जादा, म्हणजे ५ ऐवजी साडेसात, १० ऐवजी साडेबारा. १ एप्रिल २०२६ पासून. आधी मसुद्यात ५ टक्के जादा होते, बँकांचं म्हणणं ऐकून निम्मे केले. मला विचाराल तर ५ च ठेवायला हवे होते, कारण एफडी मोडायला पूर्वी शाखेत जाऊन फॉर्म भरायला लागायचा, मॅनेजर दोन गोष्टी समजवायचा, आता झोपायच्या आधी अंथरुणात पडल्या पडल्या मोडता येते.

ठेवीदार म्हणून आपल्याला काय बघता येतं तर बरंच काही, आणि ते फुकट आहे. व्यापारी बँकांना आपलं एलसीआर वेबसाइटवर दर तिमाहीला द्यावं लागतं. वार्षिक अहवालात सगळ्यात मोठ्या वीस ठेवीदारांचा वाटा किती टक्के तो आकडा असतो, तो शोधा, मागच्या दोन-तीन वर्षांशी ताडून बघा, वाढत चाललाय का. एफडीचा दर आजूबाजूच्या बँकांपेक्षा उगाच खूप वर आहे का. आणि आपल्या महाराष्ट्रात ज्यांचे पैसे नागरी सहकारी बँकांत आहेत, आणि तसे खूप जण आहेत, त्यांनी हे लक्षात ठेवायला हवं की एलसीआर त्या बँकांना लागू नाही, तिथं सीआरआर आणि एसएलआर एवढीच आडभिंत. पीएमसी या सहकारी बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खात्यातून काढता येत होते फक्त १००० रुपये, आणि प्रकरण जानेवारी २०२२ मध्ये युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीनीकरण होईपर्यंत चाललं. तेव्हापासून कायदा थोडा बरा झालाय, विमा १ लाखाचा ५ लाख झाला आणि निर्बंध आले तर तो ९० दिवसांत मिळावा अशी तरतूद २०२१ पासून आहे. फक्त ते ५ लाख मुद्दल आणि व्याज मिळून, आणि एका बँकेतल्या तुमच्या सगळ्या शाखांमधली सेव्हिंग, करंट, एफडी अशी सगळी खाती एकत्र धरून असतात, तेव्हा एकाच बँकेत बरोबर ५ लाखांची एफडी करून ठेवली असेल तर तिच्यावर चढलेलं व्याज विम्याच्या बाहेर राहतं.